सर्व्हिस रोड, नऊ गाणी

२ ऑक्टोबर २०२४

हॉटेलचा मोठा फ्रीज बंद केला, तेव्हा कुठं माइकला शांतता मिळाली. आचारी चिडला. "पनीर आंबलं तर शेठला तुम्ही सांगायचं." सत्यजीत म्हणाला, सांगतो.

गांधी जयंती. परमिट रूम बंद. म्हणून मच्छिंद्रशेठनी वरचा हॉल दिवसभर दिला. एरवी शनिवारी आम्ही खाली बागेत वाजवतो, आणि लोक तंदुरीची वाट बघत जुन्या हिंदी गाण्यांच्या फर्माइशी करतात. आमचं एखादं गाणं मध्येच घुसवावं लागतं. आज पहिल्यांदाच दिवसभर फक्त आमची गाणी!

मांडववाल्याच्या गाद्या भिंतींना लावून उभ्या केल्या. हॉल लग्नघरासारखा दिसायला लागला. सत्यजीतनं लॅपटॉपवर अल्बमची फाईल उघडली आणि मोठ्यानं वाचत टाइप केलं — बँड: विनंती थांबा. अल्बम: सर्व्हिस रोड. गिटार आणि गायन: सत्यजीत. बास आणि शब्द: रश्मी. ड्रम: म्हाळू.

"माझ्या वडलांचं नाव नुसतं म्हाळू लिहितोस?" मी म्हटलं.

आप्पाच म्हणाले, "मग काय माननीय लिहिणार व्हय?"

दिवसभरात दीड गाणं झालं. मला वाटलं होतं तीन होतील. तरी छातीवरचं काहीतरी उतरलं. दोन वर्षं नुसतं 'करू, करू' चाललं होतं.

३ ऑक्टोबर

लॅबमध्ये तेरा जणांचं रक्त काढलं. बोटं बास वाजवून सोललेली, ग्लोव्ह्ज घालताना आग होत होती. एक आजी म्हणाल्या, "पोरी, तुलाच काय झालंय?"

२० ऑक्टोबर

आज वाईट दिवस.

सत्यजीतनं आप्पांच्या कानाला हेडफोन लावला. त्यात ठोके वाजतात, एकसारखे, त्यांना धरून वाजवायचं. सगळे स्टुडिओत असंच करतात. आप्पांनी चार वेळा प्रयत्न केला. चारही वेळा ध्रुपद आलं की ते पुढं पळाले. पाचव्या वेळी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"ह्ये कानात टिकटिक करतंय, मला वाटतंय कोन तरी घाई करतंय. मग मी बी घाई करतो."

सत्यजीत शांत माणूस. आज त्याचाही आवाज चढला. "आप्पा, तुम्ही घाई करता म्हणून तर ते लावलंय."

आचाऱ्यानं चहा आणला आणि आमची तोंडं बघून गाळणीसकट परत गेला.

सत्यजीतचं चूक नाही, हे इथं तरी लिहायला हवं. आप्पा ध्रुपदाला पळतात. ते दौंडच्या रेल्वे शेडमध्ये नोकरी करता करता लग्नाच्या बँडमध्ये ताशा वाजवायचे. वरात पुढं सरकली की वाजवणाऱ्यानंही सरकायचं. निवृत्तीनंतर रेल्वे कॉलनीतल्या एका कुटुंबानं गाव सोडताना त्यांचा ड्रमसेट स्वस्तात दिला, तेव्हापासून सेट. पण मनात वरात चालूच असते. मी बास वाजवताना त्यांच्या मागून पळत असते, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. आवडतं म्हणून ते बरोबर आहे असं नाही.

शेवटी ठोके बंद केले. तिघं एकमेकांकडं बघून वाजवलं, बागेत वाजवतो तसं. 'डायव्हर्जन' एका दमात झालं. पळालं, पण तिघंही बरोबर पळालो.

परत येताना गाडीवर आप्पा मागून म्हणाले, "सत्यजीत रागावला का गं?"

"नाही."

"रागावला तर रागावू दे. पोरगं मेहनत घेतंय."

१९ नोव्हेंबर

उद्या मतदान, म्हणून परमिट रूमला कुलूप. आमची चैन. सत्यजीतनं पाच गाणी गायली. 'फाटक' गाताना खालून हायवेवरून एका ट्रकनं असा लांबलचक हॉर्न मारला की गादीच्या मागूनही ऐकू आला. नेमका "वाट बघायची सवय जाईना" या ओळीनंतर. आम्ही पुन्हा घेणार होतो. मग ऐकलं आणि तिघंही हसायला लागलो. तसंच ठेवलं.

२१ नोव्हेंबर

झालं. नऊ गाणी. गाद्या परत गेल्या. फ्रीज परत चालू झाला तेव्हा आचारी त्याच्याकडं असं बघत होता, जणू जनावर आजारातून उठलंय.

घरी येऊन आईला सांगितलं, झालं. आई म्हणाली, "आता जेव तरी नीट." जेवले. दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

१४ डिसेंबर

आज बागेत पाहुणी होती. रूपाली म्हणून. मुंबईच्या एका म्युझिक कंपनीत काम करते. सत्यजीतनं पाठवलेली गाणी तिनं ऐकली होती, आणि सोलापूरला जाता जाता कासुर्डीला, आमच्या हॉटेलवर थांबली. बागेत कोपऱ्यातल्या टेबलावर एकटीच बसून जेवली. आम्ही 'जंक्शन' वाजवलं तेव्हा तिनं घास हातातच धरून ठेवला. मला तिथून दिसत होतं.

नंतर पार्किंगमध्ये बोलणं. आप्पा आत वायरी गुंडाळत होते.

ती म्हणाली, अल्बम आम्ही काढतो. जानेवारीच्या पहिल्या शुक्रवारी. त्यांच्या ॲपवर दर शुक्रवारी स्वतंत्र मराठी संगीताची चाळीस जणांची यादी लागते. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पहिल्या दहात आलात, तर पुढचे दोन अल्बम आमच्याकडं, आणि नाशिकपासून गोव्यापर्यंत कार्यक्रम.

सत्यजीतचा चेहरा मी बघितला. पस्तिशीचा माणूस दहावीच्या मुलासारखा दिसत होता. तो रांजणगावच्या कारखान्यात शिफ्ट करतो, घरी वडील ऊस बघ म्हणून मागं लागलेत.

मग ती म्हणाली, "एक अवघड गोष्ट आहे, ती मी आधीच सांगते. दहात आलात, तर ड्रमर बदलावा लागेल. तुझे बाबा फार गोड आहेत. पण स्टुडिओत ठोक्यावर वाजवणारा माणूस लागतो. आणि महिन्याला पंधरा दिवस प्रवास. ते त्रेसष्ट वर्षांचे आहेत ना?"

तिनं ते वाईट पद्धतीनं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. नीट सांगितलं. माझ्याकडं बघून सांगितलं.

आप्पा वायरींचं भेंडोळं खांद्यावर टाकून बाहेर आले. "काय म्हन्त्यात मॅडम?"

मी म्हटलं, "अल्बम काढतायत."

"मग त्वांड असं का केलंय?"

१५ डिसेंबर

सत्यजीतला फोन केला. ठरलं — दहाच्या आत आलो तर बघू. आधीच कशाला आप्पांच्या जिवाला घोर. तो म्हणाला, "आपण चाळिसात तरी येतोय का, ते बघ आधी."

हे म्हणताना दोघांनाही बरं वाटलं. वाटायला नको होतं.

१ जानेवारी २०२५

भीमा-कोरेगाव. पहाटेच निघालो, आई, आप्पा, मी. गर्दीत आप्पांना जुने बँडवाले भेटले. प्रत्येकाला सांगत होते, "पोरीची गाणी येत्यात परवा. मोबाईलवर." मी जरा मागं मागं चालले.

३ जानेवारी

आलं! लॅबमध्ये दुपारी डबा खाताना लावलं. माझं स्वतःचं गाणं छोट्याशा मोबाईलमधून येतंय आणि समोर सेंट्रीफ्यूज घुं घुं फिरतंय. डॉक्टर म्हणाले, "कुणाचं आहे?" मी म्हटलं, "आमच्याच भागातलं आहे कुणीतरी."

का असं म्हटलं? माहीत नाही.

१० जानेवारी

चौतिसावे. पेढे सत्यजीतनं आणले. आप्पांना यादीत नाव दाखवलं. त्यांनी बोटानं पडदा वर सरकवला, खाली सरकवला. "ह्ये वरचे तेहेतीस कोन हायत?"

१७ जानेवारी

एकवीस.

कुठून चाललंय काही कळत नाही. कुणा ट्रक ड्रायव्हरनं 'फाटक'वर व्हिडिओ केलाय. रेल्वे फाटकाशी उभा, गाणं चालू, आणि बरोबर हॉर्नच्या जागी स्वतःचा हॉर्न मारतो. ते बघून दुसऱ्यांनी केलं. आज यवतजवळ टपरीवर थांबले तर शेजारच्या पिकअपमध्ये तेच गाणं.

एकानं अल्बमवर मोठं लिहिलंय. म्हणतो, गाणी चांगली, आवाज कच्चा, ड्रम शिस्तीत नाही. दुसरीनं लिहिलंय, ड्रम ऐकून एसटी पकडायला पळाल्यासारखं वाटतं. तिनं ते कौतुकानं लिहिलंय की नाही, हे मी तीन वेळा वाचून बघितलं.

मच्छिंद्रशेठनी बागेबाहेर फ्लेक्स लावला. त्यावर आमच्या तिघांपेक्षा शेठ मोठे.

२४ जानेवारी

बारा.

लोकांचे अभिनंदनाचे फोन. मी सगळ्यांना थँक्यू थँक्यू म्हणतेय. आणखी दोन पायऱ्या. मी चक्क मनात म्हणतेय, आता थांबा.

स्वतःच्या गाण्यांना कुणी असं म्हणतं का? 'जंक्शन' लिहायला मला सात महिने लागले. त्याला मी म्हणतेय, पुढं जाऊ नकोस.

२६ जानेवारी

आज पुन्हा बागेला सुट्टी. दुपारी सत्यजीत घरी आला. आप्पा बाहेर गेले होते. आई आत होती.

मी त्याला सांगून टाकलं. दहात आलो तरी मी आप्पांना काढणार नाही. रूपालीला तसं कळवणार आहे.

तो मग म्हणाला, "तू एकटी कशी ठरवतेस?"

"माझे वडील आहेत."

"बँड आपल्या तिघांचा हाय ना? का घरचा हाय तुमच्या? तसं असंल तर मला आधी सांगायचं. मी नाइट शिफ्ट करून सकाळी त्या हॉलमध्ये येऊन गायलोय रश्मी. डोळे लाल करून. माझं वय काय थांबणार हाय का? घरी आमचे तात्या रोज विचारत्यात, कवा बंद करनार ह्ये. त्यांना मी सांगितलंय, दहात आलं की बघा."

मी म्हटलं, "तुला त्यांना काढायचंय?"

"न्हाई." मग पुन्हा म्हणाला, "न्हाई. पण मला जायचं पण हाय."

तो खोटं बोलत नव्हता. मीही नाही.

आई चहा घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं असणार, घर केवढं आमचं. पण एवढंच म्हणाली, "साखर बघा, कमी पडली का."

सत्यजीत गेल्यावर मी रूपालीला मेसेज केला. दहात आलो, तरी ड्रमर तोच राहील. तुम्हाला चालणार नसेल, तर आमचा नाइलाज आहे. पाठवून मोबाईल पिठाच्या डब्यावर पालथा ठेवला.

संध्याकाळी उत्तर आलं. "समजू शकते. पण सत्यजीतचं मत? तिघांनी बसून बोला. घाई नको."

घाई नको! तिला कोण सांगणार, आम्हाला तेवढंच येतं.

३० जानेवारी

सत्यजीतचा फोन नाही. मी पण केला नाही. उद्या शुक्रवार.

३१ जानेवारी

अकरा.

स्टँडसमोर रिक्षात बसून बघितलं. अकरा. पुन्हा बघितलं. रिक्षावाल्यानं विचारलं, "ताई, निकाल हाय का कसला?" मी म्हटलं, "हो." "पास का?"



१ फेब्रुवारी

बागेत उभं राहायला जागा नाही. पुण्याहून गाड्या आलेल्या. पहिल्यांदाच कुणी हिंदी गाणं मागितलं नाही. 'फाटक'ला पार्किंगमधून सगळ्या गाड्यांनी हॉर्न मारले. शेठ घाबरून बाहेर धावले, त्यांना वाटलं अपघात झाला.

सत्यजीत कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी माझ्याशी एक शब्द बोलला नाही. पण तिसऱ्या गाण्यात त्याची तार तुटली, आणि तो बदलेपर्यंत आप्पांनी आणि मी नुसता ठेका धरून ठेवला. लोक टाळ्या वाजवत राहिले. तार लावून तो परत आला तेव्हा आमच्याकडं बघून हसला. न ठरवता हसला. तेवढं पुरलं.

७ फेब्रुवारी

सोळा.

उतरलं. खाली आलं! आजूबाजूला सगळे हळहळतायत. डॉक्टरसुद्धा. त्यांना आता कळलंय, गाणं कुणाचं ते. "अरेरे, एक नंबर कमी पडला." मी तोंड पाडायचा प्रयत्न केला. जमलं नसावं. दुपारी रिपोर्ट टाइप करताना मी शीळ घालत होते, असं रिसेप्शनवाली म्हणाली.

आठवडाभर खांदे कानापर्यंत चढवून चालत होते. आज ते खाली आले. पाणी प्याले, तर पाण्याला चव होती.

१४ फेब्रुवारी

सव्वीस. मुदत संपली. रूपालीचा फोन. तिचा आवाज खरंच वाईट वाटल्यासारखा होता. अल्बम ॲपवर राहील, पुढचं काही जमणार नाही. "पण तुम्ही वाजवत राहा. मी सोलापूरला जाताना थांबेन." ती थांबेल, असं मला वाटतं.

सत्यजीतला मीच फोन केला. तो शिफ्टवरून सुटून बसमध्ये होता.

"तुला बरं वाटलं ना?" तो म्हणाला. "खरं सांग."

"हो."

"मला न्हाई वाटलं."

"माहीत आहे."

बसचा आवाज येत राहिला. मला वाटलं, फोन ठेवेल. मग म्हणाला, "तात्यांना सांगितलं मी. चाळिसातला अकरावा म्हंजी गावात पहिला, असं म्हनले. पेपरात आपलं आलंय, त्यो घेऊन सोसायटीत बसलेत सगळ्यांना दाखवत. ऊस बघ म्हनले न्हाईत. आज तरी."

"उद्या येतोस ना?"

"येतो. तार आन माझ्यासाठी. दोन आन."

फोन ठेवून मी जरा वेळ बाहेर बसले. आप्पा आणि आई टीव्ही बघत होते. आप्पांना काही कळलं नाही, कळायची आता गरजही नाही. कुणाला काही सांगायचं नाही, काही लपवायचं नाही. किती दिवसांनी असं झालं.

१६ फेब्रुवारी

सकाळी अनोळखी नंबरवरून फोन. "ताई, मी ईश्वर बोलतोय, निमोण्याहून. बँजो पार्टीत ताशा वाजवतो. आप्पा म्हनले, आता बँडमध्ये यायची गरज न्हाई. पन माझी सातच गानी बसलीत. शेवटची दोन शिकवाल का म्हनून इचारा की त्यांना. नुसतीच. शिकायची राहिलीत म्हनून."

मला आधी काही कळेना. विचारत गेले, तो सांगत गेला. डिसेंबरपासून आप्पा दर रविवारी निमोण्याला जात होते. आम्हाला सांगायचे, आत्याकडं. ईश्वरच्या घरी दोन पिंपं आणि एक पत्रा मांडून गाणी बसवत होते. हेडफोन लावून. टिकटिकीवर. पोराला ते बरोबर जमतं म्हणे.

आप्पा मोरीपाशी दाढी करत होते. मी जाऊन उभी राहिले.

"ड्रमर बदलायचं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"पार्किंगमधलं सगळं आत ऐकू येतं," ते आरशातच बघत म्हणाले.

"आप्पा, मी तुम्हाला काढणार नव्हते."

"मला ठावं हाय. म्हनून तर दुसरा तयार केला." त्यांनी वस्तरा पाण्यात हलवला. "गानी तुझी हायत रश्मे. ती काय माझ्यापाशी थांबायला केलीत का?"

मग तोंडावर पाणी मारून टॉवेल मागितला.

मी टॉवेल दिला. ईश्वरला सांगितलं, शनिवारी कासुर्डीला ये. पिंपं आणू नकोस.